बदली डॉक्टर

"तुमचा दवाखाना कुठे?" असं कुणी विचारलं, की पाटकर डॉक्टर उलट विचारायचे, "आज?"

समोरचा गडबडायचा. मग डॉक्टर अगदी सरळ चेहऱ्यानं सांगायचे, "आज भाईंदर पश्चिमेला, मोरव्याच्या रस्त्यावर. सोमवारपासून नवघरला. पुढच्या महिन्यात उत्तन." विचारणारा 'अच्छा, अच्छा' करून विषय बदलायचा. चाळिशी कधीच ओलांडलेला, चांगला एमबीबीएस झालेला माणूस दुसऱ्यांच्या दवाखान्यांत बसत फिरतोय, म्हणजे याचं कुठेतरी काहीतरी फिसकटलेलं असणार, असं लोक मनात पक्कं करून टाकायचे. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मीही तेच केलं होतं.

मी तेव्हा जोगळेकर डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळत होते. नंबर लावायचे, गोळ्यांच्या पुड्या बांधायच्या, पेशंटची भांडणं सोडवायची आणि मधूनमधून स्वतःही करायची. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भाईंदरमध्ये रोज एक नवी बिल्डिंग उभी राहत होती आणि गिरगाव-परळहून माणसं सामान टेम्पोत घालून इकडे येत होती. दवाखान्यात सदा गर्दी. जोगळेकर डॉक्टर वर्षातून दोनदा गावी जायचे, दिवाळीत आणि मे महिन्यात, आणि तेवढे दिवस त्यांच्या खुर्चीवर पाटकर डॉक्टर बसायचे. पेशंट त्यांना 'बदली डॉक्टर' म्हणायचे. तोंडावरसुद्धा! एखाद्याला राग आला असता. हे म्हणायचे, "बरोबर आहे की. गिरणीत बदली कामगार असतो, तसा मी. मशीन बंद पडता कामा नये, एवढंच माझं काम."

पहिल्या दिवशी ते आले तेव्हा आत न जाता माझ्या काउंटरपाशीच उभे राहिले. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात स्टेथोस्कोप, डबा आणि पाण्याची बाटली. म्हणाले, "मंगलताई, इथली पद्धत काय आहे?"

"कसली पद्धत?"

"म्हणजे डॉक्टर उठून तपासतात की बसून? इंजेक्शन देतात की टाळतात? हसतात की ओरडतात?"

मी म्हटलं, "ओरडतात. भयंकर ओरडतात."

"मग मलाही ओरडावं लागणार," असं म्हणून ते काळजीत पडले. कारण हा माणूस जन्मात कुणावर ओरडला नव्हता.

मला वाटलं, थट्टा करताहेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जयंतीभाई आले. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. ब्लडप्रेशर, मधुमेह, आणि वर फरसाण. जोगळेकर त्यांना दर खेपेला अर्धा तास झापायचे आणि जयंतीभाई खाली मान घालून समाधानानं ऐकायचे. पाटकर डॉक्टरांनी त्यांना नीट तपासलं, गोड बोलले, गोळ्या लिहून दिल्या. जयंतीभाई बाहेर येऊन माझ्यापाशी घुटमळले. "मंगलबेन, ये डॉक्टर बराबर है ना? कुछ बोलताच नहीं. मेरेको लगता है इसने ठीक से देखा नहीं."

मी आत जाऊन सांगितलं. पाटकर डॉक्टरांनी दीर्घ श्वास घेतला, जयंतीभाईंना परत बोलावलं आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, "जयंतीभाई! जोगळेकर साहब बोलके गए हैं, आप आएँगे तो चिल्लाना. फरसाण बंद! समझे? एकदम बंद!" आवाज मध्येच चिरकला. पण जयंतीभाईंचा चेहरा खुलला. बाहेर येऊन म्हणाले, "हां, अभी बराबर." त्यानंतर डॉक्टरांनी माझ्याकडून पाणी मागून घेतलं आणि बराच वेळ पंख्याखाली बसून राहिले.

त्यांचं म्हणणं असं, की पेशंट हा जोगळेकरांचा. आपण फक्त खुर्ची गरम ठेवायची. जोगळेकरांचं औषध चालू असेल तर ते उगाच बदलायचं नाही. फारच चूक दिसली तर फोन करून विचारायचं, आणि पेशंटसमोर अवाक्षर काढायचं नाही. टेबलाचा खण उघडायचा नाही. जोगळेकर गावाहून आले, की पहिल्या सकाळी दोघं चहा घेत बसायचे आणि पाटकर एकेका पेशंटचं तोंडपाठ सांगायचे, कुणाला काय झालं, कुणाला काय दिलं, कुणाचा मुलगा दहावीला नापास झाला म्हणून बाईंची झोप गेलीय. याला ते 'सोपवणं' म्हणायचे. सोपवून झालं की पिशवी खांद्याला अडकवायची आणि चालू पडायचं.

घरची गोष्ट अशी. नवघरला वन रूम किचन. बायको सुनंदाबाई शाळेत शिक्षिका, एक मुलगी. सुनंदाबाई पहाटे उठून शाळेला जायच्या. मुलीची वेणी, डबा, अभ्यास सगळं डॉक्टरांकडे. "घरात एक जण कायम आहे ना, मग दुसरा हंगामी चालतो," असं ते म्हणायचे. काम नसेल त्या दिवशी सकाळी उत्तनला जाऊन ताजे मासे आणायचे आणि स्वतः कालवण करायचे. डब्यातलं मी खाल्लंय. माझ्या हाताला ती चव नाही, हे मी माझ्या नवऱ्यासमोर कधी कबूल केलेलं नाही.

भाईंदरच्या डॉक्टरांचं वर्षातून एकदा गेट-टुगेदर असायचं. एकदा जोगळेकरांनी मलाही नेलं होतं, सगळ्या दवाखान्यांतल्या काउंटरवाल्यांना बोलावलं होतं म्हणून. तिथे जो भेटेल तो पाटकरांच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचा, "काय रे, सध्या कुठे?" आवाजात असा काही जिव्हाळा, जणू हे आजारातून उठलेत. एक जण तर म्हणाला, "अजून वेळ गेलेली नाही रे, एखादा गाळा बघ." पाटकर हसून 'हो हो' करत गुलाबजाम खात राहिले. पण जेवणं झाली आणि गंमत सुरू झाली. तीच मंडळी एकेक करून त्यांना कोपऱ्यात गाठायला लागली. "मेच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळा आहेस ना? मिसेस म्हणतेय सिमल्याला जाऊ." "अरे, त्याच्याआधी मी सांगितलं होतं हां!" वर्षभर ज्याची कीव करायची, त्याचीच अशी मनधरणी चालली होती. मला हसू आवरेना. परत येताना रिक्षात मी म्हटलं, "सर, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना," ते म्हणाले. "वाटतं, हे सगळे सिमल्याला दमायला जातात. मी इथेच मजेत आहे. मंगलताई, दवाखाना चालवणं आणि पेशंट तपासणं या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. मला दुसरी आवडते."

पण हे सगळ्यांना लागू नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याच सोसायटीत श्रद्धा नावाची तरुण डॉक्टर राहायची. एका सरकारी आरोग्य केंद्रात कंत्राटावर होती. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा ब्रेक, म्हणजे कागदोपत्री नोकरी तुटायची, आणि परत नवी ऑर्डर. दर वेळी धाकधूक, मिळतेय की नाही. सासरी तिची ओळख 'टेंपररी डॉक्टर आहे' अशी करून द्यायचे. तो ब्रेकचा दिवस पाटकर आमच्याकडे असताना आला, की ती आमच्या दवाखान्यात येऊन बसायची. पाटकर म्हणायचे, "आज तू बेकार, सोमवारपासून मी बेकार. चला, वडापाव मागवूया." एकदा ती म्हणाली, "सर, मी सासूबाईंना तुमचं उदाहरण देते." त्यावर ते एकदम गंभीर झाले. "अजिबात देऊ नकोस. मी हे निवडलंय, माझ्यामागे सुनंदाचा पगार आहे. तुला हे कुणी विचारून दिलेलं नाही. दोन्हीला एकच नाव आहे म्हणून ती एकच गोष्ट होत नाही."

मग एका वर्षी जोगळेकर डॉक्टरांचे गुडघे बोलायला लागले. पुण्याला मुलीकडे कायमचं जायचं त्यांनी ठरवलं. गावी निघण्याआधी पाटकरांना समोर बसवून म्हणाले, "ही खुर्ची तुझी. मेमध्ये विचार कर, जूनमध्ये मला हो म्हण."

झालं! आम्ही सगळे उड्या मारायला लागलो. सुनंदाबाई तर दवाखान्यात येऊन भिंती बघून गेल्या, कुठला रंग बरा दिसेल ते. मला म्हणाल्या, "मंगलताई, एवढी वर्षं शाळेत सगळ्या विचारतात, मिस्टरांचा दवाखाना कुठेय? एकदा तरी एका वाक्यात उत्तर द्यायचंय हो मला." बोलताना त्यांचे डोळे भरले होते. आणि डॉक्टर? डॉक्टर 'बघू' म्हणत होते. त्यांचं ते 'बघू' म्हणजे 'नाही', हे आम्हा दोघींना माहीत होतं. मी सरळ भांडले. "सर, आता पुरे झालं भटकणं. लोकांना तुम्ही हवे आहात. नवीन कुणी आला तर माझं काय, पेशंटचं काय?" ते म्हणाले, "मंगलताई, मी इथे कायमचा बसलो तर वर्षभरात मीही ओरडायला लागेन." मला ते पटलं नाही.

त्याच मे महिन्यात फिलोमिना मावशी आल्या.

मावशी उत्तनच्या. रोज भाईंदरच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायच्या. मधुमेह जुना. लंगडत आत आल्या, स्टुलावर पाय ठेवला आणि फडकं सोडलं. मी दारातच होते. वास आला आणि मी नाकाला पदर लावला. तळव्याला मोठी जखम, अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, हे कधी झालं?"

"शिमग्याच्या टायमाला. शिंगाळ्याचा काटा लागला. दुखत न्हाय, म्हनून बसले गप."

"आणि एवढे दिवस? जोगळेकर डॉक्टर इथेच होते ना?"

"तो लय ओरडतो. साखरेच्या गोळ्या सोडल्या म्हनून आनिक ओरडला असता. तू मे महिन्यान येनार हाय, म्हायती व्हता मला." आणि वर हसून म्हणाल्या, "तुज्यासाठी थांबले."

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी स्वतः जखम बांधली, बाहेरच्या पेशंटना हात जोडले, रिक्षा बोलावली आणि मावशींना घेऊन मोठ्या इस्पितळात गेले. ते बोट गेलं. पाय वाचला. रोज सकाळी डॉक्टर तिथे जाऊन यायचे.

मग आम्हाला एकेक कळत गेलं. मावशी एकट्या नव्हत्या. कितीतरी पेशंट आपली दुखणी 'बदली डॉक्टर येईपर्यंत' राखून ठेवत होते. कुणी खोकला, कुणी छातीतली कळ. जयंतीभाईंची बायकोसुद्धा! ओरडणाऱ्याकडे नवऱ्याला पाठवायचं आणि स्वतः दिवाळीपर्यंत थांबायचं. आपण मागे काही ठेवून जात नाही, यावर ज्या माणसाचा भरवसा होता, त्याच्या मागे अख्खी रांग थांबलेली होती.

जोगळेकर गावाहून आले तेव्हा त्यांना ऐकून धक्काच बसला. मावशींचा केसपेपर मागवून वाचला. मग म्हणाले, "माझ्या ओरडण्यानं ती आली नाही, हे माझ्या पदरात. पण पाटकर, तुझं हे येणंजाणं तुझ्या पदरात. तू इथे असतास तर ती शिमग्यालाच आली असती." सुनंदाबाईंनी घरी हेच ऐकवलं. मीही ऐकवलं, मी कशाला मागे राहतेय! डॉक्टर म्हणाले, "खरं आहे तुमचं." मला वाटलं, जिंकलो. आता हा माणूस खुर्चीवर बसतो.

दोन दिवसांनी ते श्रद्धाला घेऊन आले.

"ही बसेल," म्हणाले. जोगळेकर बघतच राहिले. मी तर पुड्यांचे कागद तिथेच टाकून आत गेले. पाटकर सांगत होते, "मी बसलो तर लोक माझ्यासाठी थांबतील. मी आजारी पडलो, गावाला गेलो, की परत थांबतील. माणसासाठी थांबायची सवयच वाईट. माझी चूक जाण्यात नव्हती. मी तुम्हाला पेशंट सोपवत होतो, पण तुम्हाला पेशंटच्या हाती सोपवत नव्हतो. या वेळी ते करून मग जातो."

जोगळेकरांनी शेवटी मान डोलावली, आणि पाटकरांनी ते केलं. टेबलापाशी दोन खुर्च्या मांडल्या. मोठी श्रद्धाची, बाजूची त्यांची. पेशंट त्यांच्याकडे बघून बोलायचा, ते श्रद्धाकडे बघायचे. तो पुन्हा यांच्याकडे वळायचा, हे पुन्हा तिच्याकडे. हळूहळू पेशंटची मान आपोआप वळायला लागली. मग त्यांनी खुर्ची दाराशी नेली. मग बाहेर बाकावर येऊन पेपर वाचत बसायला लागले. कुणी "डॉक्टर, जरा बघा ना" म्हणालं, की म्हणायचे, "मी पेपर वाचायला आलोय. डॉक्टर आत आहेत." श्रद्धानंही जीव ओतला. तिला आयुष्यात पहिल्यांदा अशी जागा मिळाली होती, जिथून उद्या कुणी उठवणार नव्हतं.

सगळे वळले. फिलोमिना मावशी वळेनात. श्रद्धाला बघून म्हणाल्या, "ही पोर? हिला काय समजतं?" डॉक्टर म्हणाले, "मावशी, पाय हिलाच दाखवायचा. मी बघणार नाही." मावशींना अपमान वाटला. तणतणत उठल्या आणि ड्रेसिंग न करताच निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.

मी डॉक्टरांना काय काय बोलले, ते आता सांगवत नाही. "दुसरं बोट जायला हवंय का तुम्हाला?" असंही म्हणाले. ते बाकावर बसून होते, पेपर उघडा, पण पान उलटत नव्हते. तरी उठून मावशींकडे गेले नाहीत. मला त्या दिवशी त्यांचा खरोखर राग आला होता.

गेली ती श्रद्धा. कुणाला न विचारता, दुपारचा दवाखाना संपल्यावर ड्रेसिंगचं सामान घेऊन थेट मासळी बाजारात. मावशींच्या पाटीसमोर उकिडवी बसली. आधी बोंबील घेतले, भाव करताना चांगली हुज्जत घातली, आणि मग म्हणाली, "मावशी, आता पाय द्या." बाजूच्या बायका हसायला लागल्या. मावशींनी शिव्या घातल्या आणि पाय दिला. श्रद्धा रोज जायची. बोंबिलांचा वास दवाखान्यात यायला लागला तेव्हा आम्हाला हे कळलं. पाटकर डॉक्टरांनी ते ऐकलं आणि पेपर घडी करून बाजूला ठेवला. "मंगलताई, हे मला सुचलं नसतं," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते बाकावर दिसले नाहीत. नवघरच्या एका डॉक्टरांकडे बदलीला बसले होते.

सुनंदाबाई बरेच दिवस धुसफुसत होत्या. मग शाळेत कुणी विचारलं, की म्हणायला लागल्या, "आमचे मिस्टर भाईंदरच्या डॉक्टरांना सुट्टी देतात." हे त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की पुढे त्या ते विचारल्याशिवायही सांगायच्या. त्या निवृत्त झाल्यावर दोघं नाशिकला मुलीकडे गेली. तिथेही डॉक्टर गप्प बसले नसणारच.

नाशिकला जाण्याआधी ते आमच्याकडे शेवटचे बसले, तो आठवडा माझ्या डोळ्यांसमोर आहे. श्रद्धाच्या नणंदेचं लग्न होतं, ती साताऱ्याला गेली होती. संध्याकाळी फिलोमिना मावशी आल्या. नंबर न लावता सरळ आत. मी मागे धावले.

खुर्चीवर पाटकरांना बघून त्या थबकल्या. "पोर कुठंय?"

"गावाला गेलीय, मावशी. पुढच्या आठवड्यात येईल," डॉक्टर म्हणाले.

मावशींनी तोंड वाकडं केलं. मला वाटलं, झालं! आता या पाठ फिरवणार, आता श्रद्धासाठी थांबणार, आणि सगळं मुसळ केरात! डॉक्टर नुसते त्यांच्या पायाकडे बघत होते.

मावशी पुटपुटत स्टुलापाशी गेल्या. पदर खोचला, पाय उचलून स्टुलावर ठेवला. "काल काच लागली. तूच बग तर. पोर सांगून गेलीय, खुर्चीत कोन पन असू दे, थांबायचा न्हाय." आणि बोट नाचवून वर दम दिला, "पन नीट बग हां. ती आली का तिला समदा सांगायचा."

"सांगतो," डॉक्टर म्हणाले. ते खुर्ची सोडून खाली बसले, तो पाय दोन्ही हातांत घेतला, आणि एवढीशी ती खरचटलेली जागा कितीतरी वेळ स्वच्छ करत राहिले.